हे वारं बाहेरून आलेलं नाही

'स्त्री-पाळक (चर्चमधल्या स्त्री-धर्मगुरू) आणि समलिंगी माणसांचा स्वीकार हे पाश्चात्त्य वारं आहे, इथल्या मंडळ्यांना (चर्चना) ते नको आहे,' हे लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. अहो, पुण्याजवळच्या केडगावला पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकमधून अख्खं बायबल मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, म्हणजे ही शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट. उलट, त्या इंग्लंडमध्ये असताना त्यांनी पुरुषांना शिकवू नये म्हणून अडवणारे बिशप इंग्रजच होते! चर्च ऑफ साउथ इंडियाने २०१३ साली पुष्पा ललिता यांना बिशप केलं, तेव्हा चर्च ऑफ इंग्लंडमध्ये एकही स्त्री-बिशप नव्हती. मग वारं नक्की कुठून कुठे वाहतंय?

माझी आई चाळीस वर्षं पुण्यातल्या आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या मेजावरचं पांढरं कापड धुऊन, खळ घालून, इस्त्री करून आणायची. शनिवारी रात्री ते खुर्चीवर पसरलेलं असायचं आणि आम्हा मुलांना हात लावायची बंदी. पण पाळक म्हणून त्या मेजामागे उभं राहायचा हक्क तिला कधीच मिळाला नाही. समलिंगी माणसांबद्दल म्हणाल, तर समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असा कलम ३७७ चा निकाल लागला त्या २०१८ च्या सप्टेंबरमध्ये आमच्याकडे पेटी वाजवणाऱ्या मुलाने घरी खरं सांगितलं, आणि नाताळपर्यंत त्याला गायनवृंदातून काढलं होतं. तोही इथलाच, रविवारच्या शाळेत आमच्याबरोबर वाढलेला. त्याला पाश्चात्त्य कसं म्हणायचं?