परदेशातून : ओल्ड डाल्बीची धडक आणि मार्केट यार्डाचा रस्ता

सोलापूरच्या शाळासोबत्यांच्या गटावर सध्या एकच वाद पेटला आहे. हैदराबाद रस्त्यावर मार्केट यार्डाजवळ चहासाठी थांबलेल्या ट्रकचा फोटो कुणीतरी टाकला. ट्रकवर किरणोत्साराचे तीन पात्यांचे चिन्ह होते. एक पक्ष म्हणतो, असली गाडी शहराजवळून नेऊच नये. दुसरा म्हणतो, शास्त्रज्ञांना कळते, शंका काढू नका. मला चीड आली ती दुसऱ्या पक्षाची.

मी इंग्लंडमधल्या लेस्टरशायरमध्ये राहतो. इथल्या ओल्ड डाल्बीच्या रुळांवर १७ जुलै १९८४ रोजी इथल्या सरकारी वीजनिर्मिती मंडळाने, वापरलेले अणुइंधन वाहून नेणारे जवळपास ५० टनांचे पोलादी पात्र आडवे टाकून, त्यावर चालकाविना धावणारे इंजिन तीन डब्यांसह ताशी १०० मैल वेगाने आदळवले. इंजिनाचा चेंदामेंदा झाला, पात्रावर ओरखडे उठले आणि आतला दाब नाममात्र घटला. हे सारे कॅमेऱ्यांसमोर झाले. तो निव्वळ तमाशा होता असे म्हणणारे इथेही आहेत, पण निदान तो लोकांना दाखवला तरी!

गटावरचा एक वकील मित्र विचारतो की किरणोत्सारी माल नेणारे पात्र नऊ मीटर उंचीवरून टाकून घेतलेल्या नेहमीच्या चाचणीत वेग ताशी ४८ किलोमीटरच भरतो, मग महामार्गावर तिचा काय उपयोग? प्रश्न रास्त आहे, पण ते पात्र पडते ते तसूभरही न दबणाऱ्या पृष्ठभागावर, त्यामुळे सगळा मार त्यालाच सोसावा लागतो. समोरचा ट्रक किंवा इंजिन चेपून धडकेचा वाटा उचलते, तशी सवलत तिथे नसते. पुढे तेच पात्र एक मीटरवरून पोलादी दांड्यावर आपटतात आणि ८०० अंश सेल्सिअसच्या आगीत अर्धा तास ठेवतात. तीव्र किरणोत्सारी स्रोत नेणाऱ्या पात्रांसाठी भारतातही हेच निकष आहेत. दिल्लीच्या मायापुरीत २०१० साली एकाचा जीव गेला तो अपघातात पात्र फुटून नव्हे, तर किरणोत्सारी कोबाल्ट-६० असलेले जुने उपकरण भंगारात विकले गेल्यामुळे. लासलगावला कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून वापरतात तेही कोबाल्ट-६०च, आणि ते तिथे रस्त्यानेच पोहोचते, हे कांद्याच्या बाजारपेठेतल्या माणसांना तरी सांगायला हवे होते.

“तिकडे बसून अक्कल शिकवू नकोस,” असे उत्तर आले आणि ते झोंबले. इथल्या क्रू स्थानकाच्या फलाटावर कॉफी पीत असताना सेलाफील्डच्या अणुकेंद्राकडे जाणारी फ्लास्कची, म्हणजे अशाच इंधनपात्रांची, गाडी मी पाहिली आहे आणि पुन्हा फोनमध्ये डोके घातले आहे. सोलापूरच्या त्या फोटोने मात्र माझी झोप उडवली, कारण ताईचे घर यार्डाच्या मागेच आहे. पात्रांच्या चाचण्यांची चित्रफीत हुतात्मा स्मृती मंदिरात दाखवावी, असा अर्ज अणुऊर्जा नियामक मंडळाला करू या, असे मी गटावर सुचवले आहे. मसुदा मी लिहीन. सही मात्र सोलापूरचा पत्ता असलेल्या कुणाची तरी लागेल.