कौशल्यं पुरे, पिनचं बोला!

शिक्षक प्रशिक्षणात तंत्रज्ञानावर बोलायला येणारे तज्ज्ञ दोन तास ‘एकविसाव्या शतकातली कौशल्यं’ सांगतात, पण वर्गात नेमकं काय करायचं ते सांगतच नाहीत. का?

अहो, जिल्हा परिषदेच्या शाळेत वीज जाते! ३०० वॅटचा प्रोजेक्टर १५० अँपिअर-तासाच्या एका बॅटरीवर जेमतेम तीन-चार तास चालतो, जुनी असेल तर त्याहून कमी. हे सांगा. धुळीने जाळी तुंबली की प्रोजेक्टर तापून बंद पडतो. ती दर महिन्याला साफ करायची, हे कुणी बोलत नाही. पुस्तकातला क्यूआर कोड भर तासाला स्कॅन केला तर रेंजअभावी व्हिडिओ उघडतच नाही, स्क्रीनवर नुसतं गोल फिरत राहतं, म्हणून दीक्षा या सरकारी शिक्षण ॲपवर तो आदल्या दिवशीच उतरवून ठेवायचा. आवाजासाठी वेगळा स्पीकर आणि तीन पिनची लांब वायर हवीच.

आणि शिकवण्याचं काय? सलग वीस मिनिटं व्हिडिओ लावला की मुलं नुसती बघत बसतात. तीन मिनिटांनी थांबवा, ‘आता पुढे काय होईल?’ विचारा, उत्तर वहीत लिहू द्या, मगच पुढचा भाग लावा. एवढं तरी करून दाखवा की एकदा, खऱ्या वर्गात, खऱ्या मुलांसमोर!