वाकळेची पातळी

पावसाळ्यात सांगलीत माणसं एकमेकांना "कसं काय" विचारत नाहीत, "आयर्विनला किती झालं?" विचारतात, म्हणजे आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी किती फुटांवर गेलं. 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका, हे इथल्या शेंबड्या पोरालापण पाठ असतं. आमच्या घरात मात्र हा प्रश्न बारा महिने चालतो, कारण पातळी कृष्णेची नसते, माझ्या वाकळेची, म्हणजे गोधडीची असते. नवरा कामावरून येतो, चप्पल काढता काढता विचारतो, "काय गं, पातळी?" मी म्हणते, "स्थिर." तो म्हणतो, "बरं, चहा टाक."

सुरुवात 2019 च्या ऑगस्टमध्ये झाली. आम्ही गावभागात राहतो, म्हणजे तेव्हा पाणी कुठवर आलं असेल ते सांगायला नको, पुलाला पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. पाणी उतरल्यावर सासूबाईंची ट्रंक उघडली तर त्यांच्या पाच नऊवाऱ्या चिखलात, नेसायच्या लायकीच्या राहिल्या नव्हत्या पण फेकवेनात. चार पाण्यातून काढल्या तेव्हा कुठं वास गेला आणि तेवढ्यात माझ्या तोंडून गेलं, "आई, मी ह्याची वाकळ शिवते." तेव्हा घरातल्या कुणीतरी मला अडवायला पाहिजे होतं.

वाकळ म्हणजे काय, जुनेर एकावर एक अंथरायचं, कडेला वरवंटा नाहीतर दगड ठेवायचे, कच्चे टाके घालायचे आणि मग कडेकडेनं धावदोरा घालत आत आत जायचं, चौकोनात चौकोन. ऐकायला सोपं आहे. पण माझं शिक्षण कॉमर्सचं, त्यामुळं मी सुई धरायच्या आधी कॅल्क्युलेटर धरला. सहा फूट बाय साडेचार, दोन फेऱ्यांत बोटभर अंतर, म्हणजे एकूण 34 फेऱ्या आणि दोऱ्याचा सगळा प्रवास साधारण सव्वाशे मीटर. सव्वाशे मीटर चालायला दोन मिनिटं लागत नाहीत. मी 2019 पासून चालतेय.

आत्ता माझ्या अकरा फेऱ्या झाल्यात. 34 पैकी 11 ऐकलं की लोक हसतात, पण बाहेरच्या फेऱ्या लांब असतात आणि आतल्या आखूड होत जातात, त्यामुळं मीटरमध्ये मोजलं तर वाकळ जवळजवळ अर्धी झालीय. हे मी नवऱ्याला कागदावर मांडून दाखवलं. तो म्हणाला, हिशोब करायला जेवढा वेळ घातलास तेवढ्यात बारावी झाली असती.

बरं, पातळी नुसती चढत नाही, उतरतेपण. दुपारी मी झोपले की कोयनेतला विसर्ग थांबतो, म्हणजे सासूबाई चष्मा लावून माझे टाके उसवतात. रात्री बघते तर हातभर ओळ गायब. विचारलं तर म्हणतात, "मी कशाला उसवीन? एवढाले टाके, झोपेत पायाचा अंगठा अडकून पडायचं कोणीतरी." दोरा लांब घेतला तर म्हणतात, "सुईला मिरजेला जाऊन यायचंय का?" अंगुस्तान त्यांनी दिलंय पण ते माझ्या बोटाला ढिलं होतं, त्यामुळं ते डब्यात राहतं आणि सुई बोटात जाते.

वाकळ अडली की मी दुसरं काहीतरी काढते, म्हणजे अडलेल्यांची संख्या वाढते. टेबलक्लॉथवरचा मोर असाच अडलाय. मान भरून होईपर्यंत निळा दोरा संपला, मारुती रोडवरून दुसरी लडी आणली तर ती भलत्याच निळ्याची निघाली, आता मोराचा मफलर घातल्यासारखा अवतार झालाय आणि पिसाऱ्याला हात लावायचं धाडस होत नाही.

स्वेटरचं तर विचारूच नका. सांगलीत थंडी पडते पंधरा दिवस, मला लोकरीची आठवण येते बाराव्या दिवशी. एक सुलट दोन उलट करत पाठ पूर्ण झाली की मार्च येतो, घामेजल्या हाताला लोकर चिकटते आणि मी सुया गुंडाळून ठेवते. त्या पाठीनं नवरा हल्ली कुकर उतरवतो. म्हणतो, चांगली जाड झालीय.

खरं सांगायचं तर माझं सगळ्यात भारी काम 2021 च्या जुलैत झालं. परत पाणी आलं, आम्ही सामान घेऊन वरच्या मजल्यावर, तीन दिवस लाइट नाही, मोबाईल बंद, खाली पाणी, खायला भडंग. पुराची चेष्टा करत नाही हां, नंतरचा चिखल मीच काढलाय. पण त्या तीन दिवसांत मी आणि सासूबाई खिडकीत समोरासमोर बसून दोन्हीकडनं टाके घालत गेलो आणि चार फेऱ्या झाल्या! त्यांनी एकसुद्धा टाका उसवला नाही. चौथ्या दिवशी लाइट आली, टीव्ही लागला, आणि दहाव्या फेरीत अर्ध्यावर सुई टोचून ठेवली ती पुढं वर्षभर तिथंच होती. एकदा पुण्याचे पाहुणे ती वाकळ पांघरून झोपले तेव्हा ती सापडली, म्हणजे त्यांना सापडली.

यंदा पावसानं जोर धरला, धरणाच्या बातम्या सुरू झाल्या तशी सासूबाईंनी वर न्यायचं सामान काढलं. कागदपत्रं, मेणबत्त्या, काडेपेटी, औषधं, आणि सगळ्यात वर वाकळेचं गाठोडं. मग जिन्यातून मला हाक मारली, "दोरा किती आहे बघ गं. चार-पाच रिळं आणून ठेव, ह्या वेळी कमी नको पडायला."