चौघं मित्र, चार डबडी

शनिवारी रात्री साडेदहाला आमच्या ग्रुपवर एकच मेसेज पडतो: "येताय का रे?" मग पाऊण तास अपडेट, विसरलेला पासवर्ड, हेडफोनचं चार्जिंग आणि "मुलगी झोपली की येतो" यात जातो. सव्वाअकराला चौघं फोर्टनाइट या ऑनलाइन मारामारीच्या गेममध्ये उतरतो आणि बहुतेक वेळा पाच मिनिटांत मरतो.

कोथरूडवाल्याकडे पीएस५ आहे, म्हणजे सोनीचं प्लेस्टेशन, माझ्याकडे पीसी. जर्मनीत गेलेल्याकडे मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स, आणि सिंहगड रोडवाला फोनवर खेळतो, कारण त्याच्या घरातला टीव्ही रात्री आईचा असतो. यातलं एकही यंत्र निष्ठेने घेतलेलं नाही. कुणाला सेलमध्ये स्वस्त मिळालं, कुणाला ऑफिसच्या कामासाठी पीसी लागतच होता. कॉलेजात असताना हा प्रश्नच नव्हता. टिळक रोडच्या एका सायबर कॅफेत तासाला वीस रुपये दिले की शेजारीशेजारी बसून काउंटर-स्ट्राइक. सगळ्यांची मशीन सारखीच भंगार.

मग नोकऱ्या लागल्या, यंत्रं वेगळी झाली, एका यंत्रावरून दुसऱ्यावरच्याशी खेळता येईना आणि आम्ही वेगळे पडलो. इतकी वर्षं मला वाटायचं, तांत्रिक अडचण असणार. सोनीचं यंत्र मायक्रोसॉफ्टच्या यंत्राशी कसं बोलणार? हा समज साफ चुकीचा निघाला. फायनल फॅन्टसी ११ या गेममध्ये २००२ सालीच प्लेस्टेशन २ आणि पीसीवाले एकाच सर्व्हरवर खेळत होते. आणि सप्टेंबर २०१७ मध्ये तर गंमतच झाली. फोर्टनाइटमध्ये प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवाले अचानक एकाच मॅचमध्ये दिसायला लागले. फोर्टनाइट बनवणाऱ्या एपिकने सांगितलं, सेटिंगमधली चूक होती, आणि ते बंद केलं. म्हणजे दरवाजा होताच, कडी लावलेली होती! सोनीने ती अधिकृतपणे काढली २६ सप्टेंबर २०१८ ला, तीही लोकांनी बराच आरडाओरडा केल्यावर. पुढे २०२१ मध्ये एपिक आणि ॲपलच्या कोर्टातल्या भांडणात कागद बाहेर आले, तेव्हा कडीचा हिशेबही कळला. माणूस खेळतो प्लेस्टेशनवर, पण पैसे दुसरीकडे जास्त खर्च करतो, असं ठरावीक प्रमाणाबाहेर झालं तर गेमवाल्या कंपनीने सोनीला भरपाई द्यायची. धंद्याच्या दृष्टीने बरोबरही असेल, मी काही त्यांचा सीए नाही. पण मित्रांना वेगळं ठेवणारी भिंत तंत्राची नव्हती, गल्ल्याची होती.

या भिंतीपायी मी स्वतः पैसे घालवलेत. एक प्रसिद्ध गेम मी पीसीवर घेतला, कोथरूडवाल्याने प्लेस्टेशनवर. दोघांनी पूर्ण किंमत मोजली आणि आजतागायत त्या गेममध्ये आमची भेट झालेली नाही. तेव्हापासून माझा नियम आहे: क्रॉसप्ले, म्हणजे वेगवेगळ्या यंत्रांवरून एकत्र खेळायची सोय, नसेल तर मित्रांबरोबर खेळायला म्हणून गेम घ्यायचा नाही. ग्राफिक्स कितीही देखणे असोत.

आता कोथरूडवाल्याचं म्हणणंही ऐका. तो म्हणतो, क्रॉसप्ले म्हणजे अन्याय, माउसवाला कंट्रोलरवाल्याला मारणारच. मी म्हणतो, तुला एम असिस्ट आहे, गेम स्वतः तुझा नेम लावून देतो. हे भांडण तीन वर्षं चालू आहे, त्यामुळे त्याचा निकाल मी इथे लावत नाही. मात्र एक मुद्दा त्याचा खरा. माझ्यासारखा पीसीवाला टोळीत असला की फोर्टनाइट सगळ्या टोळीलाच पीसीवाल्यांच्या लॉबीत, म्हणजे त्यांच्याच मॅचमध्ये, टाकतो. तिथे बिचारा सिंहगड रोडवाला अंगठ्याने काचेवर लढतो, समोर कुठलातरी सोळा वर्षांचा माउसवाला! तरी येतो. मॅच संपेपर्यंत मेलेला असतो, पण बोलायला ऑनलाइन असतो.

सर्व्हरचं दुखणं वेगळंच. युरोपचा घेतला तर आम्हा तिघांना लॅग, म्हणजे गेम अडखळतो, इकडचा घेतला तर जर्मनीवाल्याला. उन्हाळ्यात त्याची वेळ साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. म्हणून हिवाळ्यात तो ऐन जेवणाच्या वेळी चमचा वाजवत खेळतो.

आणि माइनक्राफ्टवाल्यांनो, तुम्हीही सावध राहा. सुट्टीत साताऱ्याचा भाचा फोनवर आणि माझी मुलगी पीसीवर, अर्धा तास एकमेकांना शोधत होती. माइनक्राफ्टच्या दोन आवृत्त्या आहेत: फोनवर बेडरॉक, पीसीवर तिने उघडलेलं जावा. ही दोन एकमेकांत खेळत नाहीत. पीसीवर हल्ली दोन्ही एकत्रच मिळतात, फक्त बेडरॉक उघडायचं. त्या अर्ध्या तासात घरात जे रडणं झालं, ते विचारू नका.

काल कोथरूडवाल्याने नव्या गेमचा ट्रेलर टाकला, "चौघांनी घेऊ." मी विचारलं, क्रॉसप्ले आहे का? "अरे ग्राफिक्स बघ!" मी परत विचारलं. दोन्ही टिक निळ्या झाल्यात, उत्तर नाही.