नऊ ओळींचा जाच

बास झालं आता! निपाणीत आमचं डीटीपीचं दुकान. सकाळी कन्नड अर्ज, दुपारी मराठी लग्नपत्रिका. दोन्ही लिप्या हाताच्या सवयीच्या कळांवर याव्यात म्हणून डेबियनच्या (आमच्या संगणकावरची लिनक्स प्रणाली) कीबोर्ड पॅकेजात नऊ ओळींचा पॅच, म्हणजे कोडातला छोटा बदल, घालतो. फक्त नऊ! आणि नवी आवृत्ती आली की तो पुसला जातो. गिऱ्हाईक समोर बसलेलं, आणि पोरगा ओरडतो, "अण्णा, ळ कुठं गेला?"

मग पुन्हा तेच. सोर्स, म्हणजे मूळ कोड, आणा, तो बांधायला लागणारी पॅकेजं ओढा, पॅच 'डेबियन/पॅचेस'मध्ये टाका, पॅचची यादी असते त्या 'सिरीज' फाइलीत नाव लिहा. आणि उत्तर काय? 'हंक फेल्ड', म्हणजे पॅचचा तुकडा बसला नाही! का, तर कुणीतरी शेजारची ओळ बदलली. पॅचमध्ये जागा ओळखायला बदलाच्या आजूबाजूच्या ओळी संदर्भ म्हणून असतात. साधी 'पॅच' कमांड या संदर्भाच्या कडेच्या दोन ओळी जुळल्या नाहीत तरी चालवून घेते. डेबियनचं सोर्स पॅकेज हाताळणारं 'डीपीकेजी-सोर्स' एकही चालवून घेत नाही. हातानं लावला तर लागतो, पॅकेज बांधताना अडतो. हा कुठला न्याय?

म्हणे पॅकेज 'होल्ड'वर ठेवा, त्याचं अपग्रेडच थांबवा. म्हणजे पुढच्या दुरुस्त्याही सोडून द्यायच्या? लॅरी वॉलनं पॅच प्रोग्रॅम लिहिला १९८५ साली. इतक्या वर्षांत 'तुमचा बदल नव्या आवृत्तीवर लावू का?' एवढं अपग्रेड करताना विचारता येऊ नये?

काल रात्री अकराला नाकारलेले तुकडे एकेक करून जुळवत होतो. लाइट गेली. सेव्ह केलं नव्हतं. सकाळी नऊला पत्रिकेचं गिऱ्हाईक दारात!