ग्लुकोजने ही चक्कर थांबत नाही
जिममध्ये वजनं लावलेला लोखंडी बार डोक्यावर उचलताना चक्कर आली तर ग्लुकोज घ्या, असं एका लेखात म्हटलंय. उपाशीपोटी जिमला जाणाऱ्याला ते लागू पडेलही, पण जड वजनाला कारण बहुधा श्वासात असतं. आपण श्वास कोंडून जोर लावतो तेव्हा छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परतणारं रक्त घटतं आणि श्वास सोडला की रक्तदाब झपकन उतरतो. शिवाय बार गळ्यावर रुतला तर मानेतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, ते वेगळंच.

मला ६० किलोला हे झालं. हात वर ताठ, कानात सूं आवाज, समोरच्या आरशाच्या कडा काळ्या पडत गेल्या. बार पुढे टाकून मागे सरकलो म्हणून वाचलो. आता दर वेळी बार उचलताना नवा श्वास घेतो, बार खांद्यांच्या स्नायूंवर टेकवतो, सेटनंतर, म्हणजे सलग काही वेळा उचलून झाल्यावर, चार पावलं चालतो. अंधारी आलीच तर वजन सोडून सरळ खाली बसतो; उभं राहून तोल सावरायला जाऊ नका.

आणि व्यायाम करताना शुद्ध हरपली असेल, छातीत दुखलं असेल किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर कृपया बारला हात लावण्याआधी डॉक्टरांकडे जा.