‘अयोग्य प्रकारे’ म्हणजे नेमकं काय?

प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून चर्चमध्ये भाकर व द्राक्षारस घेण्याच्या रविवारी भाकरीचं ताट रांगेत आलं की काही जण मान खाली घालून ते तसंच पुढे सरकवतात. कुणाच्या हातून आठवड्यात पाप घडलेलं असतं, कुणी प्रार्थनेत सुस्तावलेलं असतं, कुणाला पाळी आलेली असते. मनात भीती एकच: मी लायक नाही, घेतलं तर दंड ओढवेल. माणसं वर्षानुवर्षं या भीतीत काढतात, आणि मला याचं फार वाईट वाटतं. कारण जो ही भाकर ‘अयोग्य प्रकारे’ खातो तो दोषी ठरेल, या ज्या वचनावर ही भीती उभी आहे ते आपण अर्धंच वाचतो.

बायबलमधलं, प्रेषित पौलाने लिहिलेलं करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय 11. वाचन बहुतेक वेळा 23व्या वचनापासून सुरू होतं आणि 29व्यावर थांबतं. 17 ते 22 गाळलं की पौल कशावर रागावला आहे हेच कळत नाही. साधारण इ.स. 53 ते 55 च्या सुमाराचं हे पत्र. तेव्हा प्रभुभोजन म्हणजे कुणातरी सधन विश्वासणाऱ्याच्या घरी पोटभर जेवण असे. रोमी घरातल्या जेवणाच्या खोलीत नऊएक माणसं मावत, बाकीचे बहुधा बाहेरच्या चौकात. एक उपाशी राहतो आणि दुसरा झिंगतो, ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता, असं पौल स्पष्ट लिहितो. ‘अयोग्य प्रकारे’ खाणं ते हे. मूळ ग्रीक शब्द ‘अनाक्सिओस’ हे क्रियाविशेषण आहे. ते खाण्याची रीत सांगतं, खाणाऱ्याची लायकी नाही. लायकीच पाहायची तर त्या मेजाशी बसेल कोण?

28वं वचनही नीट बघा. आत्मपरीक्षा करावी आणि मग खावं, असं आहे. परीक्षा करून ताट पुढे सरकवावं, असं नाही. आणि 33व्या वचनातला उपाय किती साधा: एकमेकांसाठी थांबा.

पाळीचं कारण तर या अध्यायात कुठेच नाही. पोप ग्रेगरी पहिले यांनी इ.स. 600 च्या सुमारास इंग्लंडमधल्या ऑगस्टिन या मिशनऱ्याला लिहिलेल्या उत्तरांत, अशा स्त्रीला प्रभुभोजनापासून अडवू नये, असं सांगितलं होतं.

थांबायचं कारण एकच आहे: ज्याच्याशी वैर आहे त्याच्याशी समेट करायला नकार. ‘दिदाखे’ या आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) नियमावलीच्या 14व्या अध्यायात हेच आहे: भांडण असलेल्यांनी समेट होईपर्यंत सामील होऊ नये. म्हणून प्रभुभोजनाची सूचना निदान एक आठवडा आधी द्यावी. त्याच सकाळी सांगितलं तर माणूस भावाच्या घरी जाणार कधी?

खरा विश्वास बाहेरून तपासायचे प्रयत्नही झाले. स्कॉटलंडमध्ये वडीलजन, म्हणजे मंडळीचे पुढारी, घरोघर जाऊन विश्वासाविषयीची ठरलेली प्रश्नोत्तरी विचारत आणि पास झालेल्याला शिशाचं छोटं टोकन देत. ते दाखवल्याशिवाय मेजाशी जागा नसे. हेतू प्रामाणिक होता, पण टोकनाने पाठांतर कळतं. शेजाऱ्याची मजुरी बुडवणाऱ्यालाही प्रश्नोत्तरी तोंडपाठ असू शकते. वडीलजनांनी चौकशी करायचीच तर मंडळीतल्या विधवेचं घर कसं चाललंय, कोण कुणाशी बोलत नाही, ही करावी.

पाळकांनो, विनंती आहे: 17 ते 34 सगळं वाचा. भाकर सर्वांच्या हाती पोहोचेपर्यंत थांबा आणि एकत्र खा. वाटप पुढच्या रांगेपासूनच सुरू व्हायला हवं असं नाही, कधी दारापाशी बसणाऱ्यांपासून करा. इ.स. 150 च्या सुमारास जस्टिन मार्टर हा ख्रिस्ती लेखक लिहितो की गैरहजर असलेल्यांना सेवक वाटा नेऊन देत, आणि त्याच उपासनेतल्या दानातून अनाथ, विधवा, आजारी व कैदी यांची काळजी घेतली जाई. अंथरुणाला खिळलेल्या सभासदांची यादी आदल्या दिवशीच करा आणि उपासना संपल्यावर त्याच दुपारी त्यांच्याकडे जा.